पन्नाशीतला दम

रविवारी सकाळी कुठल्याही शहरातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये हे घडू शकतं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा गडी, कॉलेजात बरा खेळायचा, वीस-बावीस वर्षांनी पुन्हा रॅकेट हातात घेतलेली. सुरुवातीला धाप लागायची, मग दम बसला. आता तीन गेम सलग खेळतो, त्यातला एखादा जिंकतोही. नेटजवळ टाकलेला ड्रॉप उचलायला तो मागून झेपावतो, 'फट्' असा आवाज होतो आणि तो रागाने मागे वळून बघतो, लाथ कोणी मारली म्हणून. मागे कोणीच नसतं.

हाडांचे डॉक्टर त्याला पालथं झोपवतात, पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडतात आणि पोटरी मुठीत धरून दाबतात. चांगल्या पायाचा पंजा लगेच हलतो. दुखऱ्या पायाचा तसाच लोंबत राहतो. टाचेमागचा अकिलीज टेंडन तुटलेला असतो. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी, आणि ही शरीरातली सगळ्यात जाड दोरी. 'लाथ मारल्यासारखं वाटलं' हे वाक्य डॉक्टरांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की अर्धं निदान तिथंच होतं.

यावर घरच्यांचं मत ठरलेलं: या वयात नसते उद्योग कशाला? वयाचा यात वाटा आहे, नाही असं नाही. पण हा माणूस मुळात खेळायला लागला म्हणून पडला नाही. त्याचा दम दोन महिन्यांत परत आला, दोरी मात्र मागे राहिली, आणि दम आलाय म्हणून त्याने दोरीलाही तेवढंच ताणलं. चाळिशी-पन्नाशीत शरीर पुन्हा कमावता येतं, याबद्दल आता शंका घेण्याचं कारण उरलेलं नाही. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने परत येतात ही गोष्ट मात्र जिमच्या पत्रकावर छापलेली नसते.

आधी पुराव्याचं बघू. १९६६ साली अमेरिकेत डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. सगळे विशीचे. दोघे खेळाडू, तिघे साधे विद्यार्थी. प्रयोग करणाऱ्यांत बेंग्ट साल्टिन हे स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ होते. जोर लावून पळताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे त्यांना मोजायचं होतं. आपण ज्याला 'दम' म्हणतो त्याचं हे प्रयोगशाळेतलं माप. तीन आठवड्यांत ते चौथ्या हिश्शाहून अधिक घसरलं. नंतर दोन महिने कसून व्यायाम करून घेतल्यावर भरून आलं, काहींचं पहिल्यापेक्षा वर गेलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याची जी पद्धत तेव्हा होती, तिच्यावर प्रश्नचिन्ह लावणाऱ्या अभ्यासांत हा एक महत्त्वाचा.

खरी गंमत तीस वर्षांनी झाली. तेच पाच जण पुन्हा शोधले गेले. आता सगळे पन्नाशीचे. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेलं, अंगातली चरबी १४ टक्क्यांची २८ टक्के झालेली. पुन्हा पळवलं, पुन्हा मोजलं. लिटरमध्ये मोजलेला दम तीस वर्षांत घसरला होता साधारण १२ टक्के. म्हणजे विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढं नुकसान केलं, त्याच्या निम्मंही तीस वर्षांच्या वयाने, नोकरीने, संसाराने आणि तेवीस किलो वजनाने मिळून केलं नव्हतं.

मग त्यांना सहा महिन्यांचा कार्यक्रम दिला. चालणं, हळू धावणं, जागेवरची सायकल. सुरुवात अगदी थोडक्यापासून आणि शेवटी आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास. सहा महिन्यांनी पाचही जणांचा सरासरी दम १९६६ साली, अंथरुणावर पडण्याआधी होता, तिथे परत आला. वजन मात्र कमावलेल्यातलं थोडंच उतरलं. वजनकाट्यावर रोज उभं राहून निराश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: काटा हलला नाही तरी आत बरंच काही हललेलं असू शकतं.

पण विशीत दोन महिन्यांच्या कसरतीनंतर त्यांनी जी उंची गाठली होती, तिथे पन्नाशीत कोणीही पोचला नाही. पन्नाशीतली सुधारणा झाली तीही वेगळ्या वाटेने. वयाबरोबर हृदयाची कमाल गती कमी होते आणि व्यायामाने ती परत मिळत नाही. त्यामुळे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त जेवढं रक्त फेकत होतं, ते व्यायामानंतरही वाढलं नाही. वाढली ती पायांच्या स्नायूंची, आलेल्या रक्तातून ऑक्सिजन काढून घेण्याची ताकद. पुरवठा तेवढाच, वापर मात्र काटकसरीचा आणि पुरेपूर. मध्यमवयातल्या व्यायामाचं हे मर्म मला फार आवडतं.

हृदयाचं काहीच सुधारत नाही असंही नाही. डॅलसमधल्याच बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने २०१८ साली ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांवर दोन वर्षं चाललेला प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम, त्यात एखादा दिवस कडक. त्यांचा दम सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आणि बसून बसून ताठर झालेला हृदयाचा डावा कप्पा पुन्हा लवचीक झाला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला योगासनं, तोल सांभाळण्याचे प्रकार आणि हलकी वजनं दिली होती. त्यांच्या हृदयात हा फरक पडला नाही. लेव्हिन यांच्याच आधीच्या एका अभ्यासात पासष्टीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी वर्षभर व्यायाम करूनही हृदयाचा ताठरपणा हलला नव्हता. निवृत्तीनंतर बघू म्हणणाऱ्यांसाठी ही बातमी चांगली नाही.

आता कोणता भाग कधी परत येतो, त्या वेळापत्रकाकडे येऊ. बैठा माणूस रोज भरभर चालायला लागला की सगळ्यात आधी बदलतं रक्त. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलतं आणि परवापर्यंत जो जिना चढताना धाप लागत होती तो आज सहज चढला जातो. याने माणूस खूश होतो आणि इथेच पहिली चूक करतो: सगळं शरीरच परत आलं असं समजतो. ताकदही अशीच फसवते. पहिल्या महिन्यात बरंच जास्त वजन उचलता येतं ते स्नायू वाढले म्हणून नव्हे. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचायला लागतात म्हणून. खरोखरचा स्नायू अंगावर चढायला दोन-तीन महिने लागतात.

आणि दोरी? तिला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे सगळं संथ. किती संथ, ते एका विलक्षण मार्गाने कळलं. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर आणि हवेत जे अणुबॉम्बचे चाचणीस्फोट झाले, त्यांनी जगभरच्या हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट केला. तो झाडांत उतरला, अन्नातून माणसांत आला, आणि नंतर हळूहळू कमी होत गेला. त्यामुळे शरीरातलं एखादं पेशीजाल कोणत्या वर्षी विणलं गेलं हे त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली अकिलीज टेंडनचे नमुने असे तपासले. टेंडनचा गाभा माणूस साधारण सतरा वर्षांचा होईपर्यंत तयार झालेला होता आणि त्यानंतर तो जवळजवळ बदललेलाच नव्हता. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र सतत नवं विणकाम चालू असल्याच्या खुणा होत्या. पन्नाशीत आपण ज्या दोरीवर उड्या मारतो ती अकरावी-बारावीत असताना वळून झालेली असते.

याचा अर्थ दोरी कमावता येत नाही असा नाही. जड भार संथपणे, आठवड्यातून दोन-तीनदा, तीनेक महिने दिला की टेंडन अधिक ताठ आणि दणकट होतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर उचलायच्या आणि सावकाश, तीन-चार आकडे मोजत, पायरीच्या पातळीखाली सोडायच्या; आधी दोन्ही पायांवर, जमू लागल्यावर एका पायावर, पुढे पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन. धावताना अकिलीजवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. त्याची तयारी नुसत्या चालण्याने होत नाही. म्हणून माझं मत असं, की ज्याला पन्नाशीत बॅडमिंटन, क्रिकेट किंवा धावणं पुन्हा सुरू करायचंय त्याने खेळायला उतरण्याआधी तीन महिने जिन्यावर टाचा उचलाव्यात. कंटाळवाणं आहे, मान्य. प्लास्टर त्याहून कंटाळवाणं असतं.

चालण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणं हे समीकरण पक्कं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, जिल्ह्याच्या गावी पोलीस ग्राउंडवर पहाटे माणसांची रीघ असते. त्यातली बरीच मंडळी वर्षानुवर्षं त्याच वेगाने, त्याच गप्पा मारत, तेवढीच चालतात, आणि वर्षानुवर्षं तेवढीच तंदुरुस्त राहतात. मोकळी हवा, मित्र, मनाला विरंगुळा हे सगळं मिळतं; दम वाढत नाही. जपानच्या मात्सुमोतो शहरात शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वयस्क मंडळींना एक सोपा बदल सुचवला: तीन मिनिटं भरभर चाला, तीन मिनिटं रमतगमत, असं पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांनी या मंडळींच्या मांड्यांची ताकद आणि दम दोन्ही वाढले, वरचा रक्तदाब उतरला. एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा हा फरक स्पष्टपणे जास्त होता. ठोके मोजणाऱ्या घड्याळाची, पट्ट्याची गरज नाही. भरभर म्हणजे एखाद-दुसरं वाक्य बोलता यावं पण गप्पा रंगू नयेत इतकं. पर्वती चढणाऱ्यांना तर हे फुकटच उपलब्ध आहे: चढताना गप्प बसायचं, उतरताना बोलायचं.

'गुडघे झिजतील' ही भीती चालण्यापेक्षा धावण्याशी चिकटलेली आहे. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या लोकांत १०.२, आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३. हौशी धावणारे मुळात सडपातळ असतात हे धरूनही, गुडघ्याला खुर्ची धार्जिणी नाही एवढं यातून दिसतं.

पण चालणं, धावणं हे सगळं दमाचं झालं. आपल्या माणसांची खरी उणीव दुसरीकडेच आहे आणि तिचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो पुण्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३; तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मजकुरात मिश्कीलपणे लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ते गाठणं. हातपाय काटकुळे, पोट पुढे, वजन 'नॉर्मल' असा हा आपला नमुना. त्याला वजन घटवण्याचा सल्ला देऊन फार उपयोग नाही. त्याच्याकडे चरबी जास्त आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्नायू कमी आहेत. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. ते लहान असले की साखर रक्तातच रेंगाळते.

स्नायू घडवायला वजन उचलावं लागतं, आणि त्याला वयाची अट नाही हे बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० सालीच सिद्ध झालं. ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी चांगली जड वजनं उचलली. आठही आठवडे पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर पंचेचाळिशीतल्या माणसाने 'आता काय होणार' म्हणणं जरा हास्यास्पदच.

बायकांच्या बाबतीत तर याची निकड जास्त. पाळी जाण्याच्या सुमारास हाडं वेगाने पोकळ होऊ लागतात, आणि नेमक्या त्याच वयात त्यांच्या हाती कॅल्शियमच्या गोळ्या आणि 'जड उचलू नका'चा उपदेश पडतो. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात, हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, भरपूर जड वजनं जमिनीवरून उचलायला आणि डोक्यावर न्यायला शिकवलं. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. यात 'तज्ज्ञांच्या नजरेखाली' हे शब्द महत्त्वाचे. मोबाइलवर व्हिडिओ बघून गव्हाची गोणी उचलायला जाऊ नये.

सोबत ताटाकडेही बघावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावन्न. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी आणि वरण, संध्याकाळी चहा-खारी, उपासाला साबुदाणा, असा दिवस काढणाऱ्याची बेरीज तिथे पोचणं कठीण. मटकीची उसळ, पिठलं, दही-ताक, अंडी, मासळी यांतलं काही प्रत्येक जेवणात असलं तर डब्यातली पावडर घ्यायची वेळ सहसा येत नाही.

मध्यमवयात शरीर पुन्हा कमावण्याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी १८९७ साली युजीन सँडो या युरोपातल्या नामांकित शरीरसौष्ठवपटूची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि दहाएक वर्षं त्याचा व्यायाम केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा ते चाळिशीत होते. पुढे संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं, आणि १९५१ साली ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. आज जगभर योगवर्गांत नमस्कार दिसतात त्यात या चाळिशीतल्या व्यायामपटूचा मोठा वाटा आहे.

तरी नमस्कारांवर सगळं भागत नाही, असं म्हटलं तर काहींना राग येईल. नमस्कारात छाती, खांदे, कणा यांना काम मिळतं, पण ओढण्याची क्रिया त्यात नाही, आणि भार कायम तोच, आपल्या अंगाचा. ताकद वाढली की फक्त संख्या वाढवता येते. मग तो ताकदीचा न राहता दमाचा व्यायाम होतो. जुन्या तालमीला हे ठाऊक असावं. तिथे जोर-बैठकांच्या जोडीला करेला होता, मुद्गल होता, दोर चढणं होतं. नमस्कारांना बैठका आणि काहीतरी ओढण्याचा प्रकार जोडला, दाराच्या चौकटीला अडकवलेला रबरी पट्टा असला तरी चालेल, की घरच्या घरी बऱ्यापैकी पूर्ण व्यायाम होतो.

सुरुवातीआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मधुमेह, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच जोराच्या व्यायामाला हात घालावा. चढताना छातीवर दाब येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, गरगरणं यांवर 'गॅस झाला असेल' हा घरगुती शेरा मारून पुढे चालू नये.

आणि खंड पडणारच. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, डेंग्यू, पावसाळा. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात तरुण मंडळींनी दहा आठवडे वजनं उचलून दहा आठवडे पूर्ण सुट्टी घेतली. पुन्हा सुरू केल्यावर गमावलेलं पाचेक आठवड्यांत भरून आलं आणि शेवटी ते सलग वीस आठवडे करणाऱ्यांच्या बरोबरीला होते. पन्नाशीत परतताना फक्त सोडलेल्या वजनाच्या निम्म्यापासून सुरू करावं, कारण स्नायूला जुनं आठवतं तेवढं दोरीला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच किंवा गुडघ्याची वाटी आखडलेली वाटली आणि पाऊण तास झाला तरी सुटली नाही, तर काल भार जास्त झाला असं समजायचं आणि पुढच्या आठवड्यात वजन थोडं उतरवायचं.